.३८ म्हणजे नेमकं किती? रिव्हॉल्व्हरचं कॅलिबर, फ्रेम आणि इतिहासाचा पुरावा



पेटची तयारी करताना आपण ‘प्राथमिक साधने’ आणि ‘दुय्यम साधने’ पाठ करतो. पण वस्तू हेही साधनच आहे आणि ती वाचायला शिकावं लागतं, हे बहुतेकदा राहूनच जातं. आज त्यासाठी एक वस्तू घेऊ : जुनं रिव्हॉल्व्हर.

जुळे सोलापुरात राहून हा विषय कुठून आला, असं तुम्हाला वाटेल. तर सोलापूरचा मार्शल लॉ आठवा. १२ मे १९३० ला तो लागू झाला. १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि किसन सारडा यांना येरवड्यात फाशी झाली. त्यानंतर सहाच महिन्यांनी, २२ जुलै १९३१ ला, पुण्याच्या फर्ग्युसन कॉलेजात वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने मुंबई प्रांताचा हंगामी गव्हर्नर सर अर्नेस्ट हॉटसन याच्यावर अगदी जवळून गोळ्या झाडल्या. सोलापूरच्या दडपशाहीचा हा सूड होता. हॉटसन वाचला. खिशातल्या पाकिटाच्या धातूच्या बटणावर गोळी अडली, असं एक हकीकत सांगते. अंगात चिलखत होतं, असंही सांगितलं जातं.

यातली कोणती हकीकत पटते? हे ठरवताना शस्त्राचं कॅलिबर उपयोगी पडतं. पण त्याआधी ‘कॅलिबर’ म्हणजे काय, ते नीट समजून घ्यायला हवं.

आधी शब्द तपासा. आपल्या लेखनात ‘पिस्तूल’ आणि ‘रिव्हॉल्व्हर’ सर्रास एकमेकांच्या जागी येतात. २१ डिसेंबर १९०९ ला नाशिकमध्ये जॅक्सनवर वापरलं गेलं ते ब्राउनिंग पिस्तूल. त्यात गोळ्या मुठीतल्या मॅगझिनमध्ये असतात. रिव्हॉल्व्हरमध्ये गोळ्या फिरत्या सिलिंडरमध्ये असतात. त्यामुळे एखाद्या पुस्तकात नुसतं ‘पिस्तूल’ लिहिलंय म्हणून लगेच निष्कर्ष काढू नका.

कॅलिबर हे आधी नाव आहे, माप नंतर. .३८ म्हणजे ०.३८ इंच, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ‘.३८ स्मिथ अँड वेसन’ काडतुसाच्या गोळीचा व्यास साधारण ०.३६१ इंच असतो, तर ‘.३८ स्पेशल’चा ०.३५७-०.३५८. मग ३८ आलं कुठून? जुन्या काडतुसांमध्ये गोळी जवळपास पुंगळीइतकीच जाड असायची. पुढे गोळी पुंगळीच्या आत बसवू लागले, ती बारीक झाली, पण नाव तेच राहिलं. गंमत म्हणजे ही दोन्ही ‘.३८’ एकमेकांच्या जागी चालत नाहीत. एकाची पुंगळी जाड आणि आखूड, दुसऱ्याची बारीक आणि लांब. म्हणून नोंद करताना नुसतं ‘.३८’ लिहू नका, काडतुसाचं पूर्ण नाव लिहा.

नळीचं तोंड व्हर्नियरने मोजून भागेल का? तिथेही मेख आहे. स्मिथ अँड वेसनच्या नळीत पाच खाचा असतात. संख्या विषम असल्यामुळे खाचेच्या समोर खाच येत नाही, उंचवटा येतो. सरळ मोजलेलं माप त्यामुळे फसवं निघतं. म्हणून नळीइतकंच सिलिंडरच्या कप्प्यांकडेही लक्ष द्या.

फ्रेम वेगळी, कॅलिबर वेगळं. फ्रेम म्हणजे शस्त्राचा सांगाडा. स्मिथ अँड वेसनने या सांगाड्यांना अक्षरं दिली : लहान जे, मध्यम के, मोठी एन. जे फ्रेमच्या सिलिंडरमध्ये .३८ ची पाच काडतुसं बसतात, के फ्रेममध्ये सहा. म्हणजे कॅलिबर माहीत असेल तर कप्पे मोजून फ्रेमचा अंदाज येतो. पण नुसत्या कॅलिबरवरून फ्रेम सांगता येत नाही आणि नुसत्या फ्रेमवरून कॅलिबरही नाही. आपल्याकडचंच उदाहरण घ्या. कानपूरच्या कारखान्यात बनणाऱ्या .३२ रिव्हॉल्व्हरची रचना वेब्लीच्या .३८ रिव्हॉल्व्हरवर बेतलेली आहे. घडण ओळखीची, काडतूस वेगळं.

आता तारखेकडे या. खरा निकाल इथे लागतो. समजा, कुणी तुम्हाला घरातलं परवान्याचं जुनं शस्त्र दाखवून म्हणालं, “हे मार्शल लॉच्या वेळचं.” ते एनफिल्ड नंबर २ असेल तर थांबा, कारण ब्रिटिश सैन्याने ते १९३२ मध्ये स्वीकारलं. स्मिथ अँड वेसनची के फ्रेम असेल आणि क्रमांकाआधी ‘व्ही’ अक्षर असेल, तर ते दुसऱ्या महायुद्धातलं व्हिक्टरी मॉडेल आहे. ती क्रमांकमालिका १९४२ मध्ये सुरू झाली. मग १९३० चा प्रश्नच येत नाही.

त्यावर ‘.३८, .७६७, ३½ टन’ असा ठसाही दिसू शकतो. तो युद्धानंतर ब्रिटनमध्ये विक्रीपूर्वी झालेल्या दाबचाचणीचा असतो. बनावटीच्या वर्षाशी त्याचा संबंध नाही. शिवाय अशा अनेक शस्त्रांचे कप्पे नंतर .३८ स्पेशलसाठी कोरून वाढवले गेले. नळी एक सांगते, कप्पे दुसरंच सांगतात. म्हणून कामाचा क्रम असा ठेवा :

१. शस्त्र रिकामं आहे याची खात्री परवानाधारकाने किंवा संग्रहालयाच्या अधिकाऱ्याने करायची, आपण नाही.
२. ठसे जसेच्या तसे उतरवा. अर्थ नंतर लावा.
३. कप्पे मोजा, मापं घ्या. ठसा आणि माप वेगवेगळ्या रकान्यांत ठेवा.
४. कुटुंबाची आठवण तिसऱ्या रकान्यात लिहा. ती खोडू नका.

चौथा मुद्दा महत्त्वाचा आहे. शस्त्र १९४२ चं निघालं म्हणून आजोबा खोटं बोलले, असं होत नाही. सोलापूरकरांना त्या दिवसांशी नातं का जोडावंसं वाटतं, हा स्वतंत्र आणि चांगला संशोधन-प्रश्न आहे. फक्त तो शस्त्राच्या वयाचा पुरावा नाही.

हॉटसनच्या बाबतीतही हेच. .३२ लाँगची गोळी साधारण ९८ ग्रेन म्हणजे सव्वासहा ग्रॅमच्या आसपास, तर .४५५ वेब्लीची २६५ ग्रेन, म्हणजे सतरा ग्रॅम. एकीला बटणाने अडवणं आणि दुसरीला अडवणं, यात फरक पडणारच. पण दारू दमट होती का, गोळी तिरकी लागली का, हे कॅलिबर सांगत नाही. त्यासाठी पंचनामा, मुद्देमालाची यादी आणि साक्षी शोधाव्या लागतात. मुंबईच्या राज्य पुराभिलेखागारात गृह विभागाच्या फायली मागवताना या तीन गोष्टी डोक्यात ठेवून जा.

कॅलिबरने घटना सिद्ध होत नाही. कोणत्या हकीकती अशक्य आहेत, एवढं ते सांगतं. संशोधनात बऱ्याचदा तेवढ्यानेच पुढची वाट मोकळी होते.

तुमच्या विषयातली एखादी वस्तू निवडा आणि हेच तीन रकाने आखून बघा : ठसा, माप, आठवण. तिन्हींत एकच उत्तर आलं, तर पुन्हा एकदा तपासा.