विसांच्या पुळणीवर

फ्रान्सचा समुद्रकिनारा म्हटला की नीस आणि कान येथील झगमगाट डोळ्यांपुढे उभा राहतो. आमची पावले मात्र उत्तरेकडील विसां नावाच्या लहानशा गावाकडे वळली. ब्लां-ने आणि ग्री-ने या दोन भूशिरांच्या कवेत ही लांबलचक पुळण पहुडली आहे. एकीकडे शंभर मीटरांहून उंच असा पांढऱ्या खडूचा कडा, तर दुसरीकडे करड्या खडकाचे बुटके भूशिर. हवा निवळली की सुमारे ३३ किलोमीटरवरचा इंग्लंडचा किनारा साध्या डोळ्यांनी दिसतो.

आज येथे बंदर नाही. ‘फ्लोबार’ नावाच्या सपाट तळाच्या होड्या ट्रॅक्टरने ओढून थेट वाळूवर आणतात, एवढीच काय ती नाविक परंपरेची खूण. मध्ययुगात मात्र इंग्लंडला जाणारे राजे, धर्मगुरू आणि व्यापारी येथूनच गलबतात बसत.

इ. स. ११७० च्या नोव्हेंबरअखेर असाच एक प्रवासी या किनाऱ्यावर येऊन थांबला होता. कँटरबरीचे आर्चबिशप थॉमस बेकेट! धर्मगुरूंचा न्यायनिवाडा कोणी करावा, यावरून राजा दुसरा हेन्री याच्याशी त्यांचा संघर्ष झाला होता आणि ११६४ पासून सहा वर्षे ते फ्रान्समध्ये परागंदा होते. जुलै ११७० मध्ये समेट झाला, पण तो वरवरचा. यॉर्कचे आर्चबिशप आणि लंडन व सॉल्झबरीचे बिशप यांच्याविरुद्धची पोपची दंडपत्रे बेकेट यांनी येथूनच पुढे धाडली. पैलतीरी शस्त्रधारी विरोधक टपून बसले आहेत, असा इशाराही त्यांना येथेच मिळाला. माघारी फिरण्यास वाट मोकळी होती. पाठीशी फ्रान्सचा राजाश्रय होता. तरीही ते गलबतात चढले. १ डिसेंबरला ते सँडविचला उतरले आणि अवघ्या २८ दिवसांनी आपल्याच कॅथेड्रलमध्ये चार सरदारांच्या तलवारींना बळी पडले. पोप तिसरे अलेक्झांडर यांनी ११७३ मध्ये त्यांना संतपद बहाल केले.

ऑगस्ट ११७९ मध्ये फ्रान्सचा राजा सातवा लुई याच बंदरातून निघाला. त्याचा पुत्र फिलिप आजारी होता. ज्या निर्वासिताला त्याने एकेकाळी आसरा दिला, त्याच्याच कबरीपाशी तो आता याचक म्हणून चालला होता. पुत्र बरा झाला आणि त्याच वर्षी १ नोव्हेंबरला ऱ्हाँस येथे त्याचा राज्याभिषेक झाला.

पुढे विसांचे दिवस फिरले. १३४६ मध्ये इंग्रज सैन्याने गाव जाळले, तर १३४७ मध्ये कॅले इंग्रजांच्या हाती पडून सारी वाहतूक तिकडे वळली. उरलेसुरले बंदर वाळूने बुजवले. काळाचा खेळ असा की, आज तीच वाळू वेगाने वाहून चालली आहे. २००७ मध्ये येथील संरक्षक भिंत लाटांनी फोडली व ती नव्याने बांधावी लागली.

ओहोटीच्या ओल्या वाळूवरून चालताना आम्ही मागे वळून पाहिले. आमच्या पाऊलखुणा केव्हाच पुसट झाल्या होत्या. बेकेट यांच्याही पाऊलखुणा त्याच भरतीने पुसल्या असतील. पण येथून माघारी न फिरण्याचा त्यांचा निर्णय आठशे वर्षांच्या लाटांना पुसता आलेला नाही.