आमच्या गोधडीचा शेवटचा काठ

नानाखेड्याच्या आमच्या घरात, माळ्यावरच्या पत्र्याच्या ट्रंकेत एक अर्धवट गोधडी बरीच वर्षं घडी घालून पडली होती. आजेसासूबाईंनी ती सुरू केली, सासूबाईंनी पुढे नेली आणि मग राहून गेली. गेल्या उन्हाळ्यात आम्ही ती पूर्ण केली. शिवता शिवता आपल्या इकडच्या मराठी घरांचा जो इतिहास हाताला लागला, तो इथे लिहून ठेवते आहे. लांबलं आहे, सवडीनं वाचा.

गोधडी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची. कोल्हापूरकडे तिला वाकळ म्हणतात, बाळासाठी केली की ती दुपटं होते, आणि इथे माळव्यात शेजारच्या काकी तिलाच गुदडी म्हणतात. पण ही गोधडी नेहमीच्या पट्ट्यापट्ट्यांची नाही. मधोमध एक चौक, त्याच्याभोवती एक चौकट, तिच्याभोवती दुसरी, अशी ती आतून बाहेर वाढत गेलेली. आमच्या घरात तिला ‘चौकाची गोधडी’ म्हणतात. इंग्रजीत अशा रचनेला मेडॅलियन क्विल्ट असं नाव आहे. मेडॅलियन म्हणजे पदक. छातीवर पदक असावं तसा मधला तुकडा, आणि बाकी सगळं त्याच्याभोवती.

ही रीत आपल्यापुरतीच नाही. इंग्लंडात चॉटन गावी लेखिका जेन ऑस्टिन हिचं घर संग्रहालय म्हणून जपलं आहे. तिथे तिनं, तिच्या बहिणीनं आणि आईनं मिळून शिवलेली गोधडी आहे, मध्ये फुलांची परडी आणि भोवती शेकडो तुकडे. 1811 च्या एका पत्रात ती बहिणीला तुकडे जमवण्याची आठवणही करते. त्या काळच्या तिकडच्या अशा कितीतरी गोधड्यांच्या मधोमध मान असायचा तो छापील चिटाच्या कापडाला, आणि चिटाची ही कला तिकडे गेली ती आपल्याकडून. आपला ‘पलंगपोश’ तिकडे जाऊन ‘पॅलम्पोर’ झाला. हिंदुस्थानी छापील कापडापुढे तिकडच्या विणकरांचं काही चालेना, म्हणून फ्रान्सनं 1686 ते 1759 त्यावर बंदी घातली, आणि इंग्लंडनं 1721 च्या कायद्यानं छापील सुती कापड वापरणंच बंद केलं. तो कायदा 1774 मध्ये उठला. जे कापड दुर्मिळ, त्याचा तुकडा मध्ये आणि घरचं साधं कापड भोवती, हे कुठल्याही घरातल्या बाईला कुणी शिकवावं लागत नाही.

आमच्या चौकात आहे खण. गुळेदगुड्डचा, गडद लाल, बारीक बुट्ट्यांचा. आजेसासूबाईंच्या सासूबाईंच्या चोळीचा, पाठीचा भाग. खणाचं ते गाव आज कर्नाटकात बागलकोट जिल्ह्यात आहे, आणि तिथून उज्जैन किती लांब! पण ज्या वाटेनं तो खण आला, त्याच वाटेनं आपली घरं आली. राणोजी शिंदे यांनी अठराव्या शतकात माळव्यात बस्तान बसवलं, उज्जैन शिंद्यांची राजधानी झाली. त्यांचे दिवाण रामचंद्रबाबा सुखटणकर यांनी महाकाळेश्वराचं मंदिर पुन्हा उभं केलं. फौजेबरोबर कारकून आले, भटजी आले, वैद्य आले, आणि त्यांच्याबरोबर बायका आल्या. बखरीत स्वाऱ्या असतात, बायकांची गाठोडी नसतात. गाठोड्यांत काय होतं ते चौकात शिवलेलं आहे.

1810 मध्ये दौलतराव शिंद्यांनी दरबार ग्वाल्हेरजवळ लष्करला हलवला. बरीच मंडळी तिकडे गेली, बरीच इथेच राहिली. आमच्याकडची माणसं राहिलेल्यांतली.

चौकाभोवतीची पहिली चौकट लुगड्यांची. आजेसासूबाईंची स्वतःची नऊवारी, हिरवी आणि अंजिरी, धुऊन धुऊन सायीसारखी मऊ. इथे एक गंमत सांगते. नऊ वार म्हणजे सव्वाआठ मीटरच्या आसपास. लुगड्याच्या लांबीत चार घड्या केल्या की प्रत्येक घडी साधारण दोन मीटरची, म्हणजे माणूसभर. आजकालच्या मापानं एक सिंगल बेड! जुनं लुगडं आणि गोधडी एकमेकांसाठीच बेतल्यासारखी आहेत. आमच्या गोधडीच्या पोटातही असंच चौघडी लुगडं आहे आणि खाली अस्तराला सासऱ्यांची धोतरं.

दुसरी चौकट गिरणीच्या कापडाची. माधवराव शिंद्यांच्या काळात उज्जैनात कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या. विनोद मिल, हिरा मिल, नजरअली मिल ही नावं इथल्या म्हाताऱ्या माणसांच्या तोंडात अजून आहेत. भोंग्यावर घड्याळ लावायचे लोक. 1948 मध्ये ग्वाल्हेर संस्थान मध्य भारतात विलीन झालं, दरबारी नोकऱ्या गेल्या, आणि कारकुनाच्या मुलांनी गिरणीच्या ऑफिसात खुर्च्या पकडल्या. सासरे त्यांतलेच. रेघांचं पायजम्याचं कापड, जाड लठ्ठा, उशांचे अभ्रे, सगळं त्या चौकटीत आहे. आणि तिथेच गोधडी थांबली.

का थांबली, हे मी सासूबाईंना विचारलं. मला वाटलं होतं, वेळ मिळाला नसेल, किंवा सासऱ्यांची गिरणी बंद पडली त्या दिवसांत मन लागलं नसेल. त्या म्हणाल्या, “मन कसलं गं! कापड संपलं.”

खरंच आहे ते. सत्तरच्या दशकात टेरिलिन आणि टेरिकॉट घरात आलं. धुवायला सोपं, इस्त्रीची कटकट नाही, आणि वर्षानुवर्षं फाटतच नाही. नऊवारीच्या सहावारी झाल्या, सहावारीही नायलॉन-जॉर्जेटच्या. गोधडीला लागतं ते विरलेलं सुती कापड. ते घाम शोषतं, सुईला वाट देतं, एकमेकांना धरून बसतं. सिंथेटिक कापड टाक्याखालून सरकतं. त्यामुळे गोधडी गेली ती बायका आळशी झाल्या म्हणून नाही. घरात कापड जुनं होणंच बंद झालं.

सासूबाई आता ब्याऐंशीच्या आहेत. डोळ्यांना अंधुक दिसतं. त्यांनी स्वतः कधी मागितली नाही, पण ट्रंक उघडली त्या दिवशी गोधडी मांडीवर घेऊन बराच वेळ बसल्या. मी ठरवलं, हिला शेवटचा काठ लावायचा.

पण कशाचा? माझ्या कपाटात सुती म्हणावी अशी एकच साडी, लग्नातली महेश्वरी, सूत-रेशमाची. अहिल्याबाईंनी महेश्वरला विणकर वसवले, त्यांची ती परंपरा, आपल्या माळव्याचीच. म्हटलं, हीच कापू. कात्री हातात घेतली तर सासूबाई म्हणाल्या, “ठेव ती. गोधडीत फाटलेलं जातं. चांगलं कापून शिवलं तर ती गोधडी नव्हे, शोभेची वस्तू.” मुलानं ऑनलाइन सुती कापड मागवू म्हटलं. त्यालाही नकार. “ज्याच्यावर कुणी झोपलं नाही, रडलं नाही, ते कापड आपल्या काय कामाचं?”

शेवटी उत्तर पलंगावरच सापडलं. भैरवगढची चादर! उज्जैनच्या कुठल्या घरात नाही ती? शिप्राकाठी, काळभैरवाच्या बाजूला छिपा कारागिरांची ही वस्ती. लाकडी ठसे आणि मेणाचं बाटीक हा त्यांचा पिढ्यांचा धंदा. आमची चादर पंधरा-एक वर्षं वापरलेली, मुलांच्या तापात, पाहुण्यांच्या गर्दीत. मध्ये विरली होती, कडा मात्र शाबूत. मेंदी रंगाची वेल, फिकी झालेली. सासूबाईंनी बोटांनी चाचपली आणि म्हणाल्या, “झाली गं आता.”

उज्जैन आणि कापड हे नातं किती जुनं आहे! पहिल्या शतकातल्या एका ग्रीक खलाशाच्या प्रवासवर्णनात, पेरिप्लसमध्ये, ‘ओझीनी’ म्हणून हे गाव येतं. इथून भडोच बंदराकडे अकीक जाई, मलमल जाई, आणि साधं, रोजच्या वापराचं कापड भरपूर जाई, असं तो लिहितो. मलमलीचं कौतुक सगळे करतात. मला ते ‘साधं कापड’ वाचून बरं वाटलं.

आता कामाचं सांगते, कुणाला आपली अर्धी राहिलेली पूर्ण करायची असेल तर उपयोगी पडेल. जुनी गोधडी आणि नवा काठ दोन्ही आधी वेगवेगळे धुऊन उन्हात वाळवा, म्हणजे पुढे एक आकसून दुसरा फुगणार नाही. छापील कापड ओलं करून पांढऱ्या फडक्यावर दाबून बघा, रंग सोडत असेल तर अजून दोन पाणी. मग जमिनीवर सगळे थर पसरून कोपऱ्यांवर वजनं ठेवा. आमच्याकडे दोन कोपऱ्यांवर वरवंटा आणि खलबत्ता होता, बाकी दोन कोपऱ्यांवर नातवंडं! हातानं मधून बाहेर सुरकुत्या काढत लांब लांब कच्चे टाके घाला, ते सगळ्यात शेवटी उसवायचे. पक्का धावदोरा एक बोट अंतरानं, ओळीमागून ओळ. दोरा सुतीच घ्या, नायलॉनचा जुनं कापड कापतो. कडा वाकडी आली तर पट्टीनं रेघ मारून छाटा, मगच गोट लावा, आणि कोपऱ्यावर गोट न ओढता दुमडून घ्या.

पंधरा दिवस दुपारी दोन ते चार आम्ही बसलो. मी शिवायचे, त्या उलट्या बाजूनं हात फिरवायच्या. डोळे गेले तरी बोटांना सगळं दिसतं. दोन ओळी त्यांनी मला उसवायला लावल्या. “घट्ट ओढलास दोरा. अंगाखाली टोचेल.” उसवल्या. दुसरं काय करणार!

कर्नाटकातल्या हल्याळ-यल्लापूरकडच्या सिद्दी बायका अशीच कवंदी शिवतात. त्या कडेकडून सुरू करून मध्यावर संपवतात, आणि कोपऱ्यांवर तिकोनी ‘फुला’ लावल्याशिवाय तिला पूर्ण मानत नाहीत. आमचं उलटं झालं, मध्यावर सुरू होऊन कडेला संपलं. पण कोपऱ्यांना तिकोनी तुकडे आम्हीही लावले, चादरीचेच. चौथ्या कोपऱ्याचा शेवटचा टाका सासूबाईंनी चाचपत घातला, आणि चौकातल्या खणाला हळदीकुंकवाचं बोट लावलं.

पुण्याचे नातेवाईक आले की आमच्या मराठीला हसतात. ‘तुम्ही तिकडचे,’ म्हणतात. इथले शेजारी प्रेमानं ‘महाराष्ट्रवाले’ म्हणतात. बरीच वर्षं मला वाटायचं, आपण नेमके कुठले? आता गोधडीकडे बघते. चौक तिकडचा, काठ इकडचा, आणि धावदोरा दोन्हींतून आरपार गेलेला. उसवायला गेलं तर दोन्ही फाटतील.

याच गावात शिप्रेच्या काठी भर्तृहरीची गुहा आहे. त्याच्या वैराग्यशतकात जोग्याच्या अंगावरची ठिगळांची कंथा येते, आणि ती शतकं सतराव्या शतकात वामन पंडितांनी मराठीत आणली. त्यानं सगळं सोडल्यावर जे अंगावर उरलं, ते आपण संसार करता करता शिवत आलो.

मुलगा म्हणाला, काच लावून भिंतीवर टांगू, वारसा आहे. सासूबाईंनी ती घडी काखेत मारली आणि आपल्या खाटेवर अंथरली. आपल्या माळव्याच्या रात्री उन्हाळ्यातही गार होतात, पहाटे अंगावर काही हवंच असतं. सकाळी विचारलं, झोप कशी लागली? म्हणाल्या, “उजवा कोपरा जरा टोचतोय. बघ एकदा.”

तुमच्याही ट्रंकेत, माळ्यावर, एखादी अर्धी राहिलेली असेल. काढा, उन्हात टाका, आणि घरातलं मोठं माणूस जवळ बसवून विचारा, कुठला तुकडा कुणाचा. जे सांगतील ते लिहून ठेवा. शिवायला उशीर झाला तरी चालतो, विचारायला होऊ देऊ नका.