निळू फुले : पाटील आणि दिगू

नमन-खेळ्यांवर वाढलेल्या आम्हां दाभोळकडच्या मंडळींना घाटावरचा पाटील प्रथम भेटला तो पडद्यावर, निळू फुले यांच्या रूपात. 'एक गाव बारा भानगडी'पासून (१९६८) प्रेक्षकांनी त्यांच्यावर खलनायकाचा शिक्का मारला आणि २००९ मधील त्यांच्या निधनानंतरही तो पुसला गेला नाही. हा अन्यायच होय. लोकनाट्यात घडलेल्या याच नटाने १९७२ मध्ये तेंडुलकरांचा सखाराम बाइंडर रंगभूमीवर उभा केला. तेंडुलकर आणि जब्बार पटेल यांच्या 'सामना'तील त्यांचा हिंदुराव धोंडे पाटील सत्ता अंगरख्यासारखी सहज वागवतो. त्याच जोडीच्या 'सिंहासन'मध्ये (१९७९) मात्र ते पत्रकार दिगू टिपणीस होतात : सत्तेचा खेळ जवळून पाहणारा आणि अखेरीस वेड्यासारखा हसत सुटणारा. विद्यार्थ्यांना आम्ही आधी दिगू दाखवतो, पाटील नंतर.