अजायबघरातील देव आणि मुलांचे प्रश्न

स्मरणिकेसाठी "इतिहासावर काही द्या, पण सनावळ्या बेताच्याच असू द्या," अशी आमच्या चिटणीसबाईंची आज्ञा झाली. विषय मला शोधावा लागला नाही. दिवाळीच्या सुटीत मंडळातर्फे मुलांची सहल निघते. तीत मुलांना आगगाडी, बाग आणि खाऊ हवा असतो व आयांना देवदर्शन हवे असते. ह्या दोन्ही मागण्या एकाच तिकिटात भागतील अशी जागा म्हणजे वस्तुसंग्रहालय. तेथे देव आहेत, राक्षस आहेत, युद्धे आहेत, आणि रांगेत चेंगरण्याची भीती नाही. तरीही तेथून मुले पुष्कळदा कंटाळून बाहेर पडतात. असे का होते आणि आपल्या नांदेड-लातूरकडच्या बायकांना त्यावर काय करता येईल, ह्याचा विचार मी ह्या लेखात करणार आहे.

आमच्या आजीच्या तोंडी वस्तुसंग्रहालय हा शब्द कधीच नव्हता. ती म्हणे 'अजायबघर'. हा शब्द हैदराबादेहून आला, आणि तो येणे स्वाभाविकच होते. १९४८ च्या १७ सप्टेंबरपर्यंत आपण निजामी राज्यात होतो आणि पुढेही १९५६ च्या नोव्हेंबरपर्यंत हैदराबाद राज्यातच होतो. नांदेडकरांना 'शहर' म्हणजे हैदराबाद. कापड तेथून, डॉक्टर तेथे, कोर्टकचेरी तेथे. मुलांना नवलाई दाखवायची तर तीही तेथेच. निजाम सरकारने १९१४ साली पुराणवस्तूंचे स्वतंत्र खाते काढले आणि गुलाम याझदानी ह्या विद्वान गृहस्थांकडे ते सोपविले. अजिंठ्याच्या चित्रांवरील त्यांचे ग्रंथ आजही प्रमाण मानले जातात. १९३० साली बाग-ए-आममधील इमारतीत सरकारी संग्रहालय सुरू झाले. पुढे १९५१ च्या १६ डिसेंबरला पंडित नेहरूंच्या हस्ते सालारजंग संग्रहालय लोकांसाठी उघडले. ते प्रथम दिवाण देवडीत होते, १९६८ साली मुसा नदीकाठच्या नव्या वास्तूत गेले.

बाग-ए-आमच्या संग्रहालयात अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला आहेत. अजिंठा आपल्याच मराठवाड्यात, पण आमच्या मागच्या पिढीतील कित्येक बायकांनी तो प्रथम पाहिला तो हैदराबादेत, नकलेत! तेथेच इजिप्तची ममी आहे. मुलांची गर्दी तिच्यापुढे. मूर्तींच्या दालनातून मात्र मुले धावत जातात. ओळीने उभे केलेले दगडी देव, कुणाला हात नाही, कुणाला नाक नाही, अंगावर फूल नाही की कुंकू नाही. पाटीवर शतक आणि दगडाची जात. आठ वर्षांच्या मुलाला दगडाच्या जातीशी काय कर्तव्य?

आणि तरीही त्या मूर्तींची किल्ली आपल्यापाशीच आहे. पाटीवर जे नसते ते पोथी ऐकणाऱ्या, कहाण्या सांगणाऱ्या, कीर्तनाला पहिल्या ओळीत बसणाऱ्या बायकांना ठाऊक असते. हिरण्यकशिपूला दिवसा नाही, रात्री नाही, घरात नाही, बाहेर नाही असा वर मिळाला होता, हे एकदा मुलाला सांगून ठेवा. मग उंबरठ्यावर, मांडीवर घेऊन पोट फाडणारा नरसिंह त्याला पाटीवाचून ओळखू येतो. सगळेच दगड काही बोलके नसतात हे खरे. म्हणून आमचा नेम असा, की एका भेटीत तीनच मूर्ती पाहावयाच्या. त्यांच्या गोष्टी आदल्या रात्री गाडीत सांगून ठेवावयाच्या आणि दालनात शिरल्यावर मुलांनीच त्या शोधून काढावयाच्या. बाकीच्या मूर्ती राहिल्या तरी बिघडत नाही.

दुसरा नेम असा, की शहराच्या आधी आपला जिल्हा. लातूरकरांना खरोशाची लेणी औसा तालुक्यात, हाकेच्या अंतरावर आहेत. सहाव्या शतकाच्या सुमारास कोरलेली ही बारा लेणी. जेम्स बर्जेस ह्या स्कॉटिश संशोधकाने १८७८ साली छापलेल्या अहवालात त्यांचे वर्णन केले. पण आमच्यातल्या निम्म्या भगिनींनी सहलीपूर्वी ती पाहिली नव्हती. दगड जांभ्याच्या जातीचा, सच्छिद्र, त्यामुळे चेहरे झिजून गेले आहेत. तरी नरसिंह आहे, शिवपार्वती आहेत, कार्तिकेय आहे, रावणही आहे.

कार्तिकेयापाशी आमच्यातल्या एक वयस्क मावशी थबकल्या. कार्तिकस्वामीचे दर्शन बायकांनी घेऊ नये असा समज आपल्याकडे फार जुना आहे. त्यांनी पदर पुढे ओढला आणि मुलींनाही मागे घेतले. एका मुलीने विचारले, "तमिळनाडूत तर बायका मुरुगनाच्या देवळात जातात म्हणे?" बोलणे खरे होते. तोच देव, तोच मोर, तोच भाला; तिकडे लेकुरवाळ्या बाया त्याला नवस बोलतात. मावशी क्षणभर गप्प राहिल्या, मग म्हणाल्या, "इथं काही पूजा चालू नाही. बघून घ्या." समजुती प्रांताप्रांताला बदलतात, हे मी वर्गात पन्नास वेळा सांगितले असते तरी एवढे पटले नसते.

रावणाचे तसेच. दसऱ्याला ज्याचा पुतळा जळतो तो शंकराच्या लेण्यात कशाला, असे मुले विचारणारच. तेव्हा वेरूळच्या कैलास लेण्यातला रावण सांगावा. वीस हातांनी कैलास पर्वत हलवू पाहतो, पार्वती घाबरून शंकराचा हात धरते, शंकर नुसता पायाचा अंगठा दाबतो. मग दबलेला रावण शिवाची स्तुती करतो आणि प्रसन्न झालेल्या देवाकडून वर मिळवतो. म्हणजे एकच माणूस एका कथेत खलनायक आणि दुसरीत भक्त. मुलांना हे आवडते. मोठ्यांनाच ते जरा जड जाते.

परंतु खरी परीक्षा झाली ती तेरला. हे गाव धाराशिव जिल्ह्यातले, गोरोबाकाकांचे. लातूरहून एका दिवसात जाऊन येता येते. जुने नाव तगर. पहिल्या शतकात लिहिलेल्या एका ग्रीक प्रवासवर्णनात पैठणच्या पूर्वेला दहा दिवसांच्या वाटेवर तगर असल्याचे आणि तेथून मलमल व कापड भडोच बंदराकडे जात असल्याचे लिहिले आहे. ह्या गावातले रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी गावच्या पांढरीतून निघणारी नाणी, मणी, मातीच्या मूर्ती आयुष्यभर गोळा केल्या. आज त्यांच्याच नावाने शासनाचे वस्तुसंग्रहालय तेथे उभे आहे. हस्तिदंताची एक बाहुलीएवढी स्त्रीमूर्ती त्या संग्रहातली. तिच्यासारखीच दुसरी मूर्ती इटलीत पाँपेई येथे १९३८ साली सापडली. पाँपेई म्हणजे इसवी सन ७९ मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेलेले शहर. आपल्याकडची कारागिरी त्याच्या आधीच समुद्र ओलांडून तेथे पोचली होती! दोघींचे दागिने सारखे, उभे राहण्याची ढब सारखी. पाँपेईची आज नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिला 'लक्ष्मी' म्हणण्याचा प्रघात पडला, पण ती देवी की यक्षी ह्याविषयी पंडितांत एकमत नाही. आमच्या मुलींनी निकाल दिला की ती नवरी आहे, कारण एवढे दागिने रोज कोण घालते?

तेथून त्रिविक्रमाच्या देवळात गेलो. विटांचे हे देऊळ फार प्राचीन. मागची बाजू हत्तीच्या पाठीसारखी गोल. त्या आकारावरून ते मुळात बौद्ध चैत्य असावे असे बरेच अभ्यासक मानतात. आत त्रिविक्रम, म्हणजे तीन पावलांत त्रैलोक्य व्यापणारा वामन. बलिप्रतिपदा होऊन दोनच दिवस लोटले होते. घरोघरी ओवाळताना आयांनी बळीचे राज्य येवो म्हटलेले मुलांच्या कानात ताजे होते. नांदेडचा एक मुलगा मूर्तीकडे बराच वेळ पाहत राहिला आणि म्हणाला, "बाई, आपण बळीचं राज्य मागतो, मग देवानं त्याला पाताळात कामून घातलं?"

कुणी म्हणाले, बळीला गर्व झाला होता. मुलगा म्हणाला, "पण त्यानं तर दान दिलं." कुणी म्हणाले, देवाने त्याला पाताळाचे राज्य दिले आणि स्वतः त्याचा द्वारपाल झाला. पुराणात हेही आहे. मुलाचे समाधान झाले नाही, आणि खरे सांगायचे तर माझेही झाले नाही. शेतात राबणाऱ्यांनी बळीला आपला राजा मानला. महात्मा जोतीराव फुल्यांनी एकोणिसाव्या शतकात तोच धागा धरून बळीकडे नव्याने पाहावयास लावले. दुसरीकडे ह्याच भूमीतल्या शिल्पींनी वामनाचे पाऊल दगडात मोठ्या भक्तीने कोरले. दोन्ही आपलेच. ज्या घरात त्रिविक्रमाला हात जोडतात त्याच घरात पाडव्याला बळीचे नाव घेतात, आणि बायका ही दोन्ही कामे एकाच दिवाळीत निभावतात. मी मुलाला एवढेच सांगितले, की हा प्रश्न तुझ्या आधी पुष्कळांनी विचारला आहे. उत्तर दाबून 'असे विचारू नये' म्हणणे मला पटत नाही. पुराणकथा म्हणजे पाढे नव्हेत.

ह्याच कारणाने माहूरची कथा मी लहान मुलांना सांगताना जपून सांगते. रेणुकामाता ही आमच्या नांदेड जिल्ह्याची आई. पण बापाच्या आज्ञेवरून मुलाने आईचे मस्तक उडविले हा प्रसंग पाच वर्षांच्या मुलासमोर कसा मांडावा? आमच्या सासूबाई परशुरामाने मागितलेल्या वरापासून सुरुवात करीत: आई परत दे, आणि तिला झाले ते आठवू नये असे कर. त्या उलट्या क्रमाने कथा ऐकलेले मूल घाबरत नाही. मोठे झाल्यावर ते स्वतःच विचारते.

कंधारबद्दल थोडक्यात सांगते, कारण तेथे मुलांना गोष्टीची गरजच पडली नाही. राष्ट्रकूटांच्या ह्या नगरीत क्षेत्रपालाची एक प्रचंड मूर्ती होती. तिचे तुकडे जवळच्या मानसपुरीत पडलेले आहेत. पावलावरून उरलेल्या देवाची उंची काढण्याचा उद्योग मुलांनी आपण होऊन केला. देगलूर तालुक्यातील होट्टलची चालुक्यकालीन मंदिरेही पाहावीत. तेथील सुरसुंदरींचे अलंकार पाहताना बायकांचाच पाय निघत नाही.

असे घरचे पाहून झाले म्हणजे मुंबईला जावे. छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय, पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, १९२२ च्या जानेवारीत लोकांसाठी खुले झाले. तेथे घारापुरीचा ब्रह्मदेव आहे, ऐहोळेच्या छतावरून आणलेले आकाशगामी गंधर्व आहेत. २०१९ पासून आवारात मुलांसाठी निराळे संग्रहालयही झाले आहे. २०२३ च्या डिसेंबरात तेथे ग्रीस, रोम, इजिप्त, असुरिया येथील प्राचीन मूर्ती आपल्या मूर्तींशेजारी मांडल्या होत्या. ते प्रदर्शन २०२४ मध्ये संपले. वज्र धारण करणारा ग्रीकांचा झ्यूस आणि आपला इंद्र ह्यांचे नाते ज्या मुलाने घरी इंद्र ऐकला आहे त्यालाच उमगते. नुसती परकी नावे पाठ करून ते होत नाही.

आणि हैदराबाद सोडू नये. राज्य बदलले म्हणून आपल्या आजीचे शहर परके झाले नाही. सालारजंगमधल्या वाजणाऱ्या घड्याळापुढे तासाच्या ठोक्याला सगळा गाव जमतो. तो ठोका झाला की गर्दी पांगते, आणि तेव्हाच बुरखावाल्या रिबेकाकडे जावे. बेन्झोनी नावाच्या इटालियन शिल्पकाराची ही संगमरवरी मूर्ती पहिल्या सालारजंगांनी १८७६ साली रोमला घेतली. डोळे, नाक, ओठ सारे कोरलेले, आणि त्यावर दगडाचाच झिरझिरीत पदर. बायबलातली ही कथा आमच्यापैकी एकीलाच, मिशनच्या शाळेत शिकलेल्या शिक्षिकाबाईंना, ठाऊक होती. विहिरीवर पाहुण्याला आणि त्याच्या उंटांना पाणी पाजणारी मुलगी. त्या पाहुण्याने तिला आपल्या धन्याच्या मुलासाठी मागणी घातली. दूरचा प्रवास करून ती आली, समोरून येणारा नवरा दिसला तेव्हा तिने पदर ओढून घेतला. गोष्ट संपली तेव्हा खरोशाला कार्तिकेयापुढे थबकलेल्या त्याच मावशी मूर्तीच्या अगदी जवळ जाऊन उभ्या होत्या. मुलांना त्या म्हणाल्या, "बघा रे, माहेर सोडून आलेली आहे. थोडं लांब उभं राहा, तिला बुजल्यासारखं होईल."