पर्जन्य, धान्य आणि ग्रहमान : महाराष्ट्रातील दुष्काळविषयक विचाराचा ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

भारतीय शेती ही प्रामुख्याने मोसमी पावसावर अवलंबून राहिली आहे. त्यामुळे पावसाचा अंदाज हा येथे केवळ जिज्ञासेचा नव्हे, तर अन्नाचा प्रश्न ठरला. आकाशातील ग्रह-नक्षत्रे, पर्जन्यमान आणि धान्याची उपलब्धता यांची सांगड घालण्याचे प्रयत्न प्राचीन ग्रंथांपासून एकोणिसाव्या शतकातील युरोपीय शास्त्रज्ञांपर्यंत सातत्याने झालेले दिसतात. या प्रयत्नांकडे पाहण्याच्या दोन टोकाच्या भूमिका आढळतात. एका भूमिकेनुसार नक्षत्रांवर आधारलेले सर्व ज्ञान अंधश्रद्धा होय. दुसऱ्या भूमिकेनुसार ते सर्व त्रिकालाबाधित शास्त्र होय. महाराष्ट्राच्या इतिहासातील पुरावा यांपैकी कोणत्याही भूमिकेला पूर्णतः दुजोरा देत नाही. प्रस्तुत निबंधात पर्जन्यनक्षत्रांची परंपरा, पंचांगशुद्धीचा वाद आणि १८७६–७८ च्या दुष्काळातील सौर डागांची चर्चा या तीन प्रसंगांच्या आधारे या प्रश्नाचा विचार केला आहे.

ग्रंथपरंपरेतील पर्जन्यविचार

वराहमिहिराच्या सहाव्या शतकातील 'बृहत्संहिता' या ग्रंथात पर्जन्यविचाराला स्वतंत्र अध्याय दिलेले आहेत. मार्गशीर्ष शुक्ल पक्षापासून मेघांच्या गर्भधारणेची लक्षणे पाहावीत आणि गर्भ राहिल्यापासून १९५ दिवसांनी त्याची वृष्टी होते, असा त्यातील सिद्धान्त आहे. वारा, ढग, वीज, आकाशाचा रंग, सूर्य-चंद्राभोवतीचे खळे अशा प्रत्यक्ष निरीक्षणांना येथे स्थान आहे. पडलेला पाऊस पात्रात मोजून तो आढक व द्रोण या मापांत सांगण्याची पद्धतही दिली आहे. याच ग्रंथात ग्रहस्थितीवरून पिकांचे भवितव्य आणि धान्याचे भाव सांगणारे अध्यायही आहेत. 'कृषिपराशर' या शेतीविषयक ग्रंथात वर्षाचा राजा व मंत्री असणाऱ्या ग्रहांवरून त्या वर्षीच्या पावसाचे अनुमान सांगितले असून आवर्त, संवर्त, पुष्कर व द्रोण असे मेघांचे प्रकार मानले आहेत.

या ग्रंथांत निरीक्षण आणि फलित यांची सरमिसळ झालेली आहे. पावसाचे मापन ही पडताळता येण्याजोगी क्रिया आहे. वर्षाचा राजा शनी असल्यास पीक बुडेल, हे विधान त्या प्रकारचे नाही. मात्र ग्रंथकर्त्यांच्या दृष्टीने ही दोन्ही एकाच शास्त्राची अंगे होती. गुढीपाडव्याला होणाऱ्या पंचांगवाचनातून हीच परंपरा महाराष्ट्राच्या गावोगावी पोहोचली. संवत्सराचा राजा, मंत्री, मेघाधिपती, सस्याधिपती व धान्याधिपती यांची फले ऐकून वर्षाच्या पीकपाण्याचा अदमास बांधला जात असे.

शेतकऱ्याची नक्षत्रे

शेतकऱ्याच्या व्यवहारातील नक्षत्रपद्धती मात्र संवत्सरफलाहून वेगळी आहे. सूर्य क्रांतिवृत्तावरील २७ नक्षत्रांतून वर्षभरात फिरतो आणि प्रत्येक नक्षत्रात साधारण १३ ते १४ दिवस असतो. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा, पूर्वा, उत्तरा, हस्त ही पावसाची नक्षत्रे म्हणजे जूनच्या पहिल्या आठवड्यापासून ऑक्टोबरच्या सुमारास संपणारी एक सौर दिनदर्शिकाच होय. चांद्र महिने अधिक मासामुळे ऋतूंच्या तुलनेत मागेपुढे सरकतात. सूर्यनक्षत्रे सरकत नाहीत. म्हणून पेरणीसाठी तिथीऐवजी सूर्यनक्षत्र धरणे व्यवहारतः अचूक होते. पुनर्वसूचा 'तरणा' आणि पुष्याचा 'म्हातारा' पाऊस ही नावे किंवा रब्बीच्या ज्वारीसाठी हस्ताच्या पावसाकडे लागलेले डोळे यांतून अनेक पिढ्यांच्या अनुभवाचा संचय व्यक्त होतो.

याच चौकटीत पुढे नक्षत्राचे 'वाहन' ही कल्पना आली. सूर्याचा नक्षत्रप्रवेश होताना सूर्यनक्षत्रापासून चंद्रनक्षत्रापर्यंत मोजून त्या संख्येस नऊने भागावे आणि बाकीवरून घोडा, कोल्हा, बेडूक, मेंढा, मोर, उंदीर, म्हैस, गाढव, हत्ती यांपैकी वाहन ठरवावे, अशी रीत आहे. बेडूक, म्हैस किंवा हत्ती असल्यास पाऊस भरपूर मानला जातो. पहिल्या गोष्टीत सूर्याची स्थिती आणि ऋतू यांचा प्रत्यक्ष कार्यकारणसंबंध आहे. दुसऱ्या गोष्टीत भागाकाराची बाकी आणि पाऊस यांचा असा कोणताही संबंध दाखविता येत नाही. एकाच पानावर छापल्या जात असल्या तरी या दोन गोष्टींचे ज्ञानमूल्य भिन्न आहे.

अयनचलन आणि मृगाचे स्थलांतर

सूर्यनक्षत्रे ऋतूंशी निगडित असली तरी ती कायमची नाहीत. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचन गतीमुळे निरयन नक्षत्रे ऋतूंच्या तुलनेत सुमारे ७२ वर्षांत एक दिवस पुढे जातात. वराहमिहिराने स्वतःच नमूद केले आहे की, पूर्वी दक्षिणायन आश्लेषाच्या मध्यापासून होत असे, तर त्याच्या काळी ते कर्कारंभी होत होते. या नोंदीवरून हिशोब केल्यास एक महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. कर्कारंभी, म्हणजे निरयन ९० अंशांवर, दक्षिणायनबिंदू असताना ५३ अंश २० कलांवर सुरू होणारे मृग नक्षत्र त्याच्या सुमारे ३८ दिवस आधी, म्हणजे आजच्या गणनेप्रमाणे मे महिन्याच्या मध्यास लागत असले पाहिजे. आज ते ७ किंवा ८ जूनला लागते.

मे महिन्याच्या मध्यास दख्खनवर मोसमी पाऊस सुरू होत नाही. याचा अर्थ असा की, मृगावर पेरणी हा आजचा मेळ वराहमिहिराच्या काळी तशाच स्वरूपात असणे संभवत नाही. त्या काळी जूनच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य पुनर्वसू नक्षत्रात प्रवेश करीत होता. मृगाचे महत्त्व ग्रंथातून शेतात उतरलेले नसून, शेतातील अनुभवाने ते नंतरच्या शतकांत नक्षत्राला दिले, असे अनुमान यातून काढता येते. ज्याला अढळ परंपरा म्हटले जाते ती वस्तुतः पर्यावरणाशी जुळवून घेत बदललेली परंपरा आहे. पुढील एक हजार वर्षांत मृग आणखी सुमारे १४ दिवस पुढे सरकेल, तेव्हा तिला पुन्हा बदलावे लागेल.

पंचांगशुद्धीचा वाद

एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात महाराष्ट्रात या प्रश्नाची जाणीव तीव्र झाली. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० मध्ये 'ग्रहसाधनाची कोष्टके' हा ग्रंथ प्रसिद्ध केला आणि १८६५ पासून आधुनिक वेधांशी जुळणारे पंचांग सुरू केले. ते पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून प्रसिद्ध झाले. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाचा पुरस्कार केला. दीक्षितांच्या १८९६ मधील 'भारतीय ज्योतिषशास्त्र' या ग्रंथात या वादाचे साधार विवेचन आढळते. महिने व ऋतू यांची फारकत होऊ द्यायची नसेल तर सायन गणनाच स्वीकारली पाहिजे, हा सायनवाद्यांचा मुख्य युक्तिवाद होता. हा वाद धर्मकृत्यांच्या तिथींपुरता मानला गेला, तरी त्याच्या मुळाशी कालगणना निसर्गाशी प्रामाणिक असावी की नाही, हा प्रश्न होता.

स्वातंत्र्योत्तर काळात मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील पंचांग सुधारणा समितीने १९५५ मध्ये अहवाल सादर केला आणि २२ मार्च १९५७ पासून सायन वर्षमानावर आधारित राष्ट्रीय दिनदर्शिका अमलात आली. परंतु शासकीय व्यवहाराबाहेर तिचा प्रसार झाला नाही. शेतकऱ्याने मृग सोडला नाही आणि पंचांगकर्त्याने निरयन गणना सोडली नाही.

१८७६–७८ चा दुष्काळ आणि सौर डाग

आकाश आणि अन्न यांच्या संबंधाचा सर्वांत गंभीर प्रसंग १८७६–७८ च्या दुष्काळात उद्भवला. मद्रास, म्हैसूर, हैदराबाद यांसह मुंबई इलाख्यातील सोलापूर, सातारा, पुणे, अहमदनगर व कलादगी हे तत्कालीन जिल्हे या दुष्काळाने होरपळले. ब्रिटिश मुलखातच ५० लाखांहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. याच काळात देशातून धान्याची निर्यात चालू होती आणि लॉर्ड लिटन यांचे शासन धान्यव्यापारात हस्तक्षेप न करण्याच्या तत्त्वावर ठाम होते. दुष्काळी कामांवरील खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी जानेवारी १८७७ मध्ये पाठविलेल्या रिचर्ड टेंपल यांनी प्रौढ मजुराच्या मजुरीतील धान्याचे प्रमाण दीड पौंडावरून एक पौंडावर आणले.

त्याच वर्षी विल्यम विल्सन हंटर यांनी मद्रास शहराच्या १८१३ पासूनच्या पर्जन्यनोंदी तपासून, सूर्यावरील डागांच्या सुमारे अकरा वर्षांच्या चक्राशी दुष्काळाचा संबंध असल्याचे प्रतिपादन केले. खगोलशास्त्रज्ञ नॉर्मन लॉकयर यांनी त्यांच्यासह या विषयावर लेखन केले. अर्थशास्त्रज्ञ जेव्हन्स यांनी तर सौर डाग, भारतातील पिके आणि व्यापारी मंदी अशी साखळीच मांडली. ही मंडळी ज्योतिषी नव्हती. त्यांच्याजवळ दुर्बिणी व आकडे होते. तथापि त्यांच्या सिद्धान्ताचा सामाजिक परिणाम संवत्सरफलाहून फार निराळा नव्हता. दुष्काळ सूर्यावर ठरत असेल, तर मजुरीतील अर्धा पौंड धान्य कोणी कमी केले, हा प्रश्न मागे पडतो.

पुणे सार्वजनिक सभेने हा प्रश्न मागे पडू दिला नाही. गणेश वासुदेव जोशी यांच्या पुढाकाराने सभेने दुष्काळी भागातील माहिती गोळा करून शासनाकडे पाठविली आणि कमी केलेल्या मजुरीचा निषेध केला. सभेच्या दृष्टीने पाऊस न पडणे ही नैसर्गिक आपत्ती होती. परंतु उपासमार ही मजुरी, सारा आणि वाहतूक यांच्याशी निगडित अशी प्रशासकीय बाब होती. १८८० मध्ये रिचर्ड स्ट्रेची यांच्या अध्यक्षतेखालील दुष्काळ आयोगाचा अहवाल आला. त्याला अनुसरून दुष्काळसंहिता तयार झाल्या, तेव्हा निवारण ही शासनाची जबाबदारी असल्याचे तत्त्व, मर्यादित अर्थाने का होईना, मान्य झाले.

महात्मा फुले यांची मीमांसा

जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहिलेल्या 'शेतकऱ्याचा असूड' या ग्रंथात या चर्चेला वेगळे परिमाण दिले. सण, संस्कार, ग्रहपीडा यांच्या निमित्ताने शेतकऱ्याकडून होणारी वसुली आणि सरकारी साऱ्याची वसुली या दोहोंकडे त्यांनी एकाच शोषणाच्या दोन बाजू म्हणून पाहिले. जंगल खात्याने गायराने व राने बंद केल्याने जनावरांची झालेली उपासमार त्यांनी वर्णिली. उताराच्या जमिनीवरील सुपीक माती वाहून जाऊ नये म्हणून बंधारे घालावेत, तळी व धरणे बांधावीत, विहिरींसाठी साहाय्य द्यावे, असे उपायही त्यांनी सुचविले. शेतकऱ्याची दृष्टी आकाशातील ग्रहांकडून पायाखालच्या मातीकडे वळविण्याचा हा प्रयत्न होता. पर्यावरण व अन्न यांचा परस्परसंबंध मराठीत इतक्या स्पष्टपणे मांडणारे हे आरंभीच्या लेखनांपैकी एक होय.

अनुमान आणि उत्तरदायित्व

१८७५ मध्ये स्थापन झालेल्या भारतीय हवामान खात्याचाही मार्ग सरळ नव्हता. हेन्री ब्लॅनफोर्ड यांनी हिमालयातील बर्फाच्या आधारे दीर्घकालीन अंदाज सुरू केले आणि ४ जून १८८६ रोजी पहिला नियमित अंदाज दिला. त्यांचे उत्तराधिकारी जॉन एलियट यांचे अंदाज अधिक विस्तृत होते. तरीही १८९९ चा भीषण दुष्काळ त्यांना आधी ओळखता आला नाही. पुढे गिल्बर्ट वॉकर यांनी सांख्यिकीच्या साहाय्याने अनेक संबंध तपासले. सौर डागांचा संबंध दुर्बळ ठरला. प्रशांत व हिंदी महासागरांवरील वायुदाबाच्या दोलनाचा शोध मात्र टिकला. १८७६–७८ च्या अवर्षणाचा संबंध आता प्रशांत महासागरातील तीव्र 'एल निनो'शी जोडला जातो. २००२ मध्येही सरासरीच्या १०१ टक्के पावसाचा अंदाज असताना प्रत्यक्षात ८१ टक्के पाऊस झाला. त्यानंतर २००३ मध्ये अंदाजाचे प्रारूप बदलण्यात आले.

चुकलेले अंदाज दोन्ही परंपरांत आहेत. भेद असा की, एका परंपरेत चुकीची नोंद होते आणि पद्धत बदलावी लागते. दुसरीत मेघाधिपतीचे फल खोटे ठरले तरी पुढील वर्षीचे संवत्सरफल त्याच नियमाने लिहिले जाते. दुसरीकडे, १९७२–७३ च्या दुष्काळात महाराष्ट्रात पाऊस नव्हता. परंतु दुष्काळी कामांवर लाखो लोकांना रोजगार मिळाल्याने १८७७ ची पुनरावृत्ती झाली नाही. त्या अनुभवातून रोजगार हमी योजना दृढ झाली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून तीन निष्कर्ष निघतात. पहिला, पर्जन्यनक्षत्रांची शेतकरी परंपरा ही मूलतः सौर दिनदर्शिका असून तिचे मूल्य अनुभवसिद्ध आहे. परंतु अयनचलनामुळे ती शाश्वत नाही. मोसमी पावसाच्या वेळापत्रकात बदल जाणवत असताना तिचा वापर ताज्या पर्जन्यनोंदींशी ताडूनच करणे इष्ट ठरेल. दुसरा, वाहन व संवत्सरफल यांसारख्या फलितांना या दिनदर्शिकेचे प्रामाण्य आपोआप लाभत नाही. तिसरा आणि सर्वांत महत्त्वाचा निष्कर्ष असा की, दुष्काळाचे कारण आकाशात शोधण्याची प्रवृत्ती केवळ पारंपरिक समाजाची नाही. वसाहतकालीन विज्ञानातही ती दिसते. आज हवामानबदलाच्या चर्चेतही ती नव्या रूपात येऊ शकते. पाऊस का पडला नाही, हा प्रश्न निसर्गविज्ञानाचा आहे. पाऊस न पडल्यावर धान्य कोणापर्यंत पोहोचले आणि कोणापर्यंत नाही, हा प्रश्न इतिहासाचा व राज्यव्यवहाराचा आहे. सार्वजनिक सभा आणि महात्मा फुले यांनी हे दोन प्रश्न वेगळे केले, हे त्यांचे योगदान दुष्काळाच्या कोणत्याही अभ्यासात केंद्रस्थानी असावयास हवे.