सहाय्यक तंत्रज्ञान, शालेय (पुणे)

दृष्टी, श्रवण, वाचन किंवा आकलन यांतील फरकामुळे ज्या विद्यार्थ्यांना छापील पुस्तक आणि फळा पुरे पडत नाहीत, त्यांच्यासाठी वर्गात वापरली जाणारी साधने. ब्रेल पाटीपासून मोबाइलवरील स्क्रीन रीडरपर्यंत (पडद्यावरचा मजकूर वाचून दाखवणाऱ्या प्रणालीपर्यंत) त्यांचा पल्ला आहे. प्रस्तुत नोंदीत पुण्याचा विचार मुख्यतः मराठी मजकुराच्या अंगाने केला आहे. यंत्र किती महागाचे यापेक्षा त्याला पुरवलेला मजकूर कोणत्या रूपात साठवला आहे, यावर त्याचा उपयोग ठरतो, आणि मराठीपुरता हा प्रश्न बराचसा पुण्यातच घडला आहे.

डॉ. शंकरराव माचवे यांनी १९३४ मध्ये पूना स्कूल अँड होम फॉर द ब्लाइंड ही संस्था सुरू केली, तेव्हा भारतीय भाषांसाठी एकच सर्वमान्य ब्रेल लिपी नव्हती. १९५१ मध्ये भारती ब्रेल स्वीकारली गेली. तीत अक्षरे उच्चाराच्या क्रमाने येतात, म्हणजे ‘कि’ लिहिताना आधी क आणि मग वेलांटी. पुण्यात १९८८ मध्ये स्थापन झालेल्या सी-डॅक या संगणक संशोधन संस्थेने भारतीय लिपी संगणकावर आणण्याचे मोठे काम केले, आणि १९९१ च्या इस्की या भारतीय लिपींच्या संगणकीय मानकातही हाच उच्चारक्रम होता. छपाईच्या धंद्याने मात्र निराळी वाट धरली. श्री-लिपी हे पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकचे उत्पादन. त्यातले जुने फॉन्ट काय किंवा सी-डॅकचे डीव्हीबी-टीटी मालिकेतले फॉन्ट काय, रोमन अक्षरांच्या जागी काना, मात्रा, अर्धी अक्षरे असे तुकडे बसवत. कागदावर मराठी सुबक उमटे, फाइलमध्ये मात्र रोमन चिन्हांची जंत्री राही आणि तीत वेलांटी क च्या आधी असे. डोळस वाचकाला यात काहीच खटकत नाही. स्क्रीन रीडर ती जंत्रीच वाचून दाखवतो आणि तिच्यावरून ब्रेलही निघत नाही. त्या काळच्या तंत्राला दुसरा सोपा मार्ग नव्हता, हे मान्य करायला हवे. पण विंडोज २००० पासून युनिकोड देवनागरी, म्हणजे अक्षरे स्वतःच्या संकेतांकांनी आणि उच्चारक्रमाने साठवणारी पद्धत, संगणकावर आली, आणि त्यानंतरही अनेक छापखाने जुन्या फॉन्टना धरून राहिले, ते सवयीने आणि हाताशी असलेल्या मांडणीच्या सोयीने.

मजकूर युनिकोडमध्येच हवा, या आग्रहावर पहिला आक्षेप असा की छापील पान स्कॅन करून मजकूर ओळखणारी साधने आता मराठीलाही उपलब्ध आहेत, तेव्हा फॉन्टचा वाद शिळा झाला. ही साधने उपयोगी आहेत, पण जोडाक्षरे, तक्ते आणि गणिताची मांडणी यांत ती चुकतात आणि प्रत्येक पान डोळस माणसाला तपासावे लागते. मूळ फाइल युनिकोडमध्ये असेल तर हे काम मुळातच उरत नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर २००६ पासून फुकट मिळतो, ई-स्पीक या वाचन-आवाजाच्या प्रणालीत मराठी आवाज आहे, मग ब्रेलचा आग्रह कशाला? याचे उत्तर असे की ऐकून विषय कळतो, शुद्धलेखन कळत नाही. ‘दिन’ आणि ‘दीन’ कानाला जवळजवळ सारखेच, बोटांना वेगळे. ज्या मुलाने लिखित भाषा केवळ ऐकली, त्याला तिचा लेखक होणे अवघड जाते. शिवाय युनिकोड मजकुरापासून आवाज, ब्रेल आणि मोठी अक्षरे अशी तिन्ही रूपे काढता येतात, त्यामुळे निवड करण्याची वेळच येत नाही. आकृत्या व नकाशे मात्र याने सुटत नाहीत. त्यांना उठावाची चित्रे आणि ती समजावणारा शिक्षक लागतोच.

कायद्याची अडचण दूर झाली आहे. २०१२ च्या दुरुस्तीनंतर प्रताधिकार कायदा अपंग वाचकांसाठी पुस्तकाचे रूपांतर करण्यास मुभा देतो. अशा रूपांतरांना मुभा देणारा आंतरराष्ट्रीय माराकेश करार मंजूर करणारा भारत हा पहिला देश (२०१४). दृष्टिहीन वाचकांसाठी सुगम्य पुस्तकालय हे ऑनलाइन ग्रंथालय २०१६ मध्ये सुरू झाले. पुण्यात १९६७ पासून कार्यरत असलेली बालभारती ही पाठ्यपुस्तक संस्था आपली पुस्तके पीडीएफ स्वरूपात मोफत देते. ही सोय मोठी असली तरी पीडीएफ हे आवरण आहे, आत युनिकोड आहे की नुसते चित्र, हे त्यावरून कळत नाही. पाठ्यपुस्तकांवर क्यूआर कोड छापण्याला मिळालेली प्रसिद्धी आतल्या मजकुराच्या तपासणीला मिळायला हवी होती.

अध्ययन अक्षमता : २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातील २१ प्रकारांत हिचा समावेश आहे. वाचला जाणारा शब्द पडद्यावर उजळत जाणे, ओळींतील अंतर वाढवणे हे उपाय या मुलांसाठी वापरतात. त्यांनाही तोच युनिकोड मजकूर लागतो, म्हणून दृष्टिहीनांसाठी केलेला खर्च मूठभरांसाठी असतो हे म्हणणे टिकत नाही.

कर्णबधिर : पुण्यात सुहृद मंडळाचे सी. आर. रंगनाथन विद्यालय आहे. वाचाशिक्षण की खूणभाषा, याबाबत शिक्षकांत मतभेद आहेत. भारतीय सांकेतिक भाषेच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द झाले.

बौद्धिक अक्षमता : या मुलांसाठी काम करणारी कामायनी ही संस्था १९६४ पासून. चित्रांवरून बोलणारे ‘जेलो’ हे अ‍ॅप आयआयटी मुंबईचे.

२०१६ च्या कायद्याचे कलम १७ लक्षणीय अपंगत्व असलेल्या विद्यार्थ्यांना वयाच्या अठराव्या वर्षापर्यंत पुस्तके, अन्य शिक्षणसाहित्य आणि योग्य सहाय्यक साधने मोफत पुरवण्याची जबाबदारी शासन व स्थानिक प्राधिकरणांवर टाकते.