रेवामाईचं गाणं आणि चार तारांची गिटार

ढोलकीची डावी बाजू गप्प झाली तर लावणी कशी पोकळ वाटेल! पाश्चात्त्य धाटणीच्या बँडमध्ये तेच काम बेस गिटारचं. तिला बहुधा चारच जाड तारा, आणि सूर नेहमीच्या गिटारपेक्षा सप्तकभर खाली. तिच्याकडे फारसं कुणाचं लक्ष जात नाही, पण बाकीचे तिच्याच आधाराने वाजवतात.

दिल्लीच्या 'इंडियन ओशन' या बँडचे राहुल राम हे असे बेसवादक. मूळचे रसायनशास्त्राचे विद्यार्थी. अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात त्यांनी पर्यावरणातल्या विषारी द्रव्यांवर पीएच.डी. केली. मायदेशी परतल्यावर एकीकडे नर्मदा बचाव आंदोलनात उतरले, तर दुसरीकडे १९९१ साली बँडमध्ये आले.

सरदार सरोवराचं पाणी आपल्या महाराष्ट्रातही शिरणार होतं. त्याचा पहिला फटका बसला तो मणिबेलीला. हे गाव तेव्हा धुळे जिल्ह्यात होतं, १९९८ पासून नंदुरबारमध्ये आहे. मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने जागतिक बँकेचं उरलेलं कर्ज नको म्हटलं, पण धरण काही थांबलं नाही. त्याच पावसाळ्यात मणिबेलीत पाणी चढलं.

आंदोलनाच्या त्या वर्षांत खोऱ्यातली लोकगीतं राहुल राम यांच्या कानावर पडली. रेवामाईच्या निर्मळ पाण्याचं कौतुक करणारं गाणं त्यांनी बँडमध्ये आणलं. २००० सालच्या 'कंदिसा' या अल्बममधलं 'मा रेवा' ते हेच. अल्बमला नाव मिळालं ते केरळच्या सिरियन ख्रिस्ती लोकांच्या जुन्या प्रार्थनेवरून. आपल्या वसईच्या चर्चमध्ये गाणाऱ्या मंडळींनी तीही जरूर ऐकावी.

पुढे २००९ मध्ये तबलावादक आणि गायक असीम चक्रवर्ती वारले, २०१३ मध्ये गिटारवादक सुस्मित सेन बाहेर पडले. राहुल राम मात्र टिकून राहिले. २०२३ मध्ये बँडचा 'तू है' हा अल्बमही आला.

धरणाचं लोकार्पण २०१७ मध्ये झालं. गाण्यामुळे कुणाला बुडालेली जमीन परत मिळाली नाही, हे खरंच. पण ज्या शहरांना त्या खोऱ्याचं नावही ठाऊक नव्हतं, तिथली तरुण मुलं आज रेवामाईचं गाणं म्हणतात.

आपलं गास काही पाण्याखाली गेलेलं नाही. तरी आपल्या आज्यांची लग्नातली सामवेदी गाणी किती जणांना पाठ आहेत? ज्यांना येत असतील त्यांनी ती मोबाइलवर तरी उतरवून ठेवा.